दूषित इंजेक्शन विकल्याची शिक्षा : कलम २७ नेमकं काय सांगतं (सोसायटी ग्रुप)

ए-१०२ : सकाळपासून मेसेज फिरतोय की दूषित इंजेक्शन विकलं की थेट जन्मठेप. वकीलकाका, खरं आहे का हे?

बी-३०४ : थेट नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, कलम २७. घाणीत बनवलेलं, भरलेलं किंवा साठवलेलं औषध, ज्यात त्यामुळे घाण शिरली असू शकते, ते कलम १७ए खाली भेसळयुक्त धरतात. त्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता असेल तर २७(ए): किमान १० वर्षं, कमाल जन्मठेप. दंड किमान १० लाख किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, जास्त असेल तो. हा दंड पेशंटला भरपाई म्हणून द्यायचा, पेशंट दगावला असेल तर नातेवाइकाला. धोका तेवढा नसेल तर २७(बी): ३ ते ५ वर्षं, दंड किमान १ लाख.

बी-३०४ : बिनपरवाना विक्री करणारासुद्धा २७(बी) मध्येच, माल चांगला असला तरी.

सी-२०१ : काका, सगळा खेळ सरकारी विश्लेषकाच्या (औषध तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञाच्या) रिपोर्टवर असतो. नुसतं 'प्रमाणित दर्जाचं नाही' एवढंच सिद्ध झालं तर?

बी-३०४ : मग २७(डी). १ ते २ वर्षं, दंड किमान २० हजार. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतर त्यात तडजोडही होऊ शकते, म्हणजे पैसे भरून खटला मिटवता येतो. म्हणून भेसळ सिद्ध करणारा पुरावा महत्त्वाचा.

सी-२०१ : आणि तो फोडलेल्या बाटलीतून मिळत नाही. बुचात एकदा सुई गेली की जंतू कारखान्यातले की वॉर्डातले, हे सांगता येत नाही. शिवाय निर्जंतुकता चाचणीला किमान १४ दिवस लागतात आणि एका बाटलीवर ती होत नाही. १०० ते ५०० नगांच्या बॅचला १० नग लागतात. इंजेक्शननंतर थंडी वाजून ताप भरला तर एंडोटॉक्सिनची (जंतूंच्या विषाची) चाचणीही मागा. जंतू मेले तरी त्यांचं विष औषधात उरतं, त्यामुळे निर्जंतुकता चाचणीत पास झालेलं इंजेक्शनही घातक असू शकतं.

डी-००३ : मेडिकलच्या बाजूने सांगतो. परवानाधारकाकडून घेतलं, दोष कळणं शक्य नव्हतं, नीट ठेवलं आणि आलं तसंच विकलं, तर याच कायद्याच्या कलम १९(३) खाली दुकानदार सुटतो. पण २ ते ८ अंशांचा माल फ्रिजबाहेर राहिला असेल तर हा बचाव गेला. माल कुणाकडून घेतला ते औषध निरीक्षकाला सांगायला नकार दिला तर तो वेगळा गुन्हा.

ए-१०२ : मग पोलिसांत जायचं ना?

बी-३०४ : या कायद्याच्या चौथ्या प्रकरणातले (औषधांची निर्मिती व विक्री, कलम २७ त्यातच) गुन्हे पोलीस स्वतः नोंदवू शकत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. तिथे औषध निरीक्षक, म्हणजे आपल्याकडे एफडीए (अन्न व औषध प्रशासन). निष्काळजीपणाने मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, तिथे पोलीस. आरोपीला रिपोर्टची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत त्याला आव्हान देण्याचा इरादा कळवावा लागतो, नाहीतर तो रिपोर्ट अंतिम पुरावा धरतात.

डी-००३ : ए-१०२ ताई, तुमच्याकडे संशय असलेल्या इंजेक्शनच्या त्याच बॅचच्या न फोडलेल्या बाटल्या असतील तर त्या दुकानात परत करू नका. लेबलवर सांगितलेल्या तापमानात ठेवा. बॅच नंबर असलेलं बिल आणि खोका जपून ठेवा, वापरलेली बाटली आणि सिरिंज वेगळ्या पिशवीत.

सी-२०१ : आणि कलम २६ खाली फी भरून तुम्ही स्वतःही सरकारी विश्लेषकाकडे नमुना देऊ शकता.

ए-१०२ : आमच्याकडे ३ सीलबंद आहेत, बिलही आहे. आत्ताच फ्रिजमध्ये ठेवते, लेबलवर २ ते ८ लिहिलंय.

सी-२०१ : दाराच्या कप्प्यात नको, मधल्या खणात ठेवा. आणि बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं तर नमुना बाद.