गाडीतून टकटक येतेय? आधी जॉइंटचा रबरी बूट बघा

कुणीतरी लिहिलंय की हायब्रीड गाडीत ड्राइव्ह शाफ्टचे (चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्यांचे) जॉइंट जास्त टिकतात, कारण इंजिनाला काम कमी. नाही पटलं. ताकद इंजिनाची असो वा मोटरची, पुढच्या चाकांपर्यंत जाते त्याच शाफ्टमधून. उलट मोटर उभ्या गाडीलाही एकदम जोर लावते, आणि पाय उचलला की रिजनरेशनमुळे (चाकांच्या फिरण्यातून मोटर वीज बनवून बॅटरी भरते) तो जोर उलटा फिरतो. जॉइंट झिजलेला असेल तर नेमकं तेव्हाच 'टक' होतं.

माझंच सांगतो. दादरला सोसायटीच्या पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग कापून निघताना कट-कट-कट. गाडी बॅटरीवर होती म्हणून ऐकू तरी आलं! सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, दोन्ही शाफ्ट बदला. कुर्ल्याच्या मेकॅनिकने चाक वळवून टॉर्च मारली: बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटच्या बूटची (ग्रीस आत धरणाऱ्या रबरी आवरणाची) एक घडी फाटलेली, रिमच्या आत काळं ग्रीस उडालेलं. जॉइंट उघडला तर सहा गोळ्यांमध्ये पावसाळ्यातला चिखल. तेवढा एकच जॉइंट बदलला.

वळताना कटकट असेल तर बाहेरचा जॉइंट. सरळ रस्त्यावर जोर देताना थरथर असेल तर बहुधा आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा, तीन रोलरवाला. आवाज यायच्या आत फाटका बूट सापडला, तर साफसफाई, नवं ग्रीस आणि नवा बूट एवढ्यावर भागतं.