जुना लॅपटॉप आता विकू की अजून ओढू? (२०१७ चा, विंडोज १०)

शब्दवेल

नमस्कार मंडळी. सांगलीत असते, घरून इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते. बँकांची पत्रकं, औषधांची माहितीपत्रकं, वर्षातून एखादं पुस्तक.

लॅपटॉप २०१७ च्या दिवाळीत ४६ हजारांना घेतला. आय ५ प्रोसेसर, सातवी पिढी (७२००यू), ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी चिपवरची वेगवान साठवण) नाही. तेव्हा त्याच दुकानात आठव्या पिढीचा नवीनच आलेला होता, पाच-सहा हजारांनी महाग. 'पिढीत काय ठेवलंय' म्हणून सातवीचा उचलला.

आजची अवस्था: सकाळी बटण दाबते आणि कुकर लावते. दुसऱ्या शिट्टीला डेस्कटॉप दिसतो. उघडताना डाव्या बिजागरीतून कट्ट असा आवाज येतो. बॅटरी वीस-पंचवीस मिनिटं टिकते. टचपॅड महिनाभर झाला खालच्या बाजूला दबतच नाही, जरा वर आल्यासारखा वाटतो, म्हणून माऊस लावलाय. विंडोज ११ होत नाही. वर्ड आणि ब्राउझर मात्र चालतं, रडतखडत.

जुने लॅपटॉप घेणारी एक वेबसाइट ६,२०० दाखवते. इथला दुकानदार एक्स्चेंजमध्ये ५,००० म्हणतो. भाचा म्हणतो, 'मावशी, आत्ताच फुंकून टाक, पुढच्या वर्षी भंगारवाला पण घेणार नाही.' नवरा म्हणतो, 'चालतंय ना अजून?' दोघांचंही पटतं, हाच घोळ आहे. विकायची योग्य वेळ कशी ठरवायची?

ठोंब्या

२०१७ चा लॅपटॉप विकायची योग्य वेळ २०२० होती. :)

गंमत सोडा. लॅपटॉपचा भाव पहिल्या तीन वर्षांतच धाडकन पडतो, पुढे नुसता घरंगळतो. तुमचा ४६ चा ६ झाला. अजून वर्षभर थांबलात तर साडेचार होईल. म्हणजे थांबण्याची किंमत वर्षाला दीड हजार, महिन्याला सव्वाशे रुपये. एवढ्यासाठी भाच्याच्या घाईला बळी पडू नका. तीन वर्षांचा लॅपटॉप असता तर 'आत्ता विका' म्हटलं असतं, कारण तिथे एका वर्षाने आठ-दहा हजार जातात. नऊ वर्षांच्या मशीनला विकण्याची वेळ वगैरे नसते, काम अडण्याची वेळ असते. ती कधी येणार ते बघा.

आणि वेबसाइटचे ६,२०० हातात पडतील असं धरू नका. माझ्या वेळी ९,००० दाखवले होते. घरी आलेल्या पोराने बिजागरी हलवली, स्क्रीनवर दोन ठिपके शोधले आणि फोनवर चार बटणं दाबून ५,४०० केले. मी नाही म्हटलं तर त्याने माझ्याचकडे पाणी मागितलं.

चिऊकाऊ

एसएसडी टाका, दुसरं काही नको. आईच्या २०१६ च्या मशीनला टाकली. आधी चालू व्हायला चार मिनिटं लागायची, आता वीस सेकंदांत. जुनी फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. आणि बारीकसारीक फायली वाचताना तर फरक याहून कितीतरी मोठा. कुकरच्या आधी काम सुरू होईल.

खिडकीबंद

विंडोज काढून लिनक्स मिंट टाका. फुकट, सुरक्षित, ८ जीबीत पळतं. देवनागरीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत आहेच. मी सहा वर्षं वापरतोय, व्हायरस काय असतो ते विसरलोय.

शब्दवेल

@खिडकीबंद, दादा, माझ्या दोन एजन्सींची भाषांतराची सॉफ्टवेअरं फक्त विंडोजवर चालतात. शिवाय जुनी पुस्तकं सगळी श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर, त्याचे फॉन्ट वेगळे) टाइप केलेली. तो फॉन्ट नसला की फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा दिसतो. मिंटमध्ये ते कसं निस्तरू?

@चिऊकाऊ, एसएसडीचा विचार होता, पण विंडोज १० चंच आयुष्य संपलं असेल तर तिच्यावर पैसे घालू का?

खिडकीबंद

युनिकोडात (कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत) बदलून घ्या एकदाचं. :( बरं, राहू द्या.

करकचून

मी कोल्हापुरात कर-सल्लागार आहे, मशीनमधलं थोडंफार कळतं. मुद्दा वेगाचा नाही.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसेल, तिथे आधी नाव घाला. तुमच्याकडे बँकांची कागदपत्रं येतात. एजन्सीशी केलेला गोपनीयतेचा करार काढून वाचा. अपडेट बंद पडलेल्या मशीनवरून काही फुटलं तर ६,२०० रुपयांची चर्चा कुणी करणार नाही. तेव्हा तुमची खरी तारीख ऑक्टोबर २०२६ ही आहे.

आणि ते पाच-सहा हजार वाचवलेत ना, तिथेच माशी शिंकली. विंडोज ११ साठी इंटेलची जवळपास आठव्या पिढीपासूनच दारं उघडी आहेत. तुमच्या मशीनमध्ये टीपीएम २.० (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) असेलही, पण ७२००यू यादीत नाही. दुकानात शेजारच्या फळीवर होता तो आठव्या पिढीचा, बहुधा ८२५०यू, यादीत आहे. त्याला चार कोअर होते, तुमच्याला दोन. जबरदस्तीने ११ टाकायच्या युक्त्या यूट्यूबवर आहेत. धंद्याच्या मशीनवर मी करणार नाही.

पैशाचं सांगतो. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नोंदणी असेल तर बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर घालून घ्या, तो कर वळता होतो. दुकानदार 'बिलाशिवाय दोन हजार कमी' म्हणाला तर हसून बाहेर या. हिशेबाची वही ठेवत असाल तर संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. वही न ठेवता अंदाजे उत्पन्नाच्या योजनेखाली उत्पन्न दाखवत असाल तर घसारा वेगळा मिळत नाही, तेव्हा 'मार्चआधी घ्या, टॅक्स वाचेल' हे ऐकून धावू नका.

जुना विकण्याआधी टॅली असेल तर लायसन्स सरेंडर करा. माझ्या एका अशिलाने मशीन विकलं आणि मग 'साहेब, टॅली उघडत नाही' म्हणून फोन केला, तोही रिटर्नच्या शेवटच्या दिवशी.

जुना_सोल्डर

बाकीची चर्चा नंतर करा.

ताई, टचपॅड वर आलाय म्हणालात, आणि दबत नाही. बॅटरी पंचवीस मिनिटं. बऱ्याच मशीनमध्ये बॅटरी टचपॅडच्या बरोबर खाली असते. ती फुगली की टचपॅडला खालून रेटते, क्लिकला जागाच उरत नाही. मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ वीसेक वर्षं बोर्ड दुरुस्त करतोय, ही तक्रार घेऊन येणारे दहातले आठ 'टचपॅड बदला' म्हणतात.

आज चार्जिंगला लावू नका. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा, बोटाने टकटक करून बघा. चारातला एखादा कोपरा अधांतरी राहिला, मशीन डुलली, तर समजा फुगली. गादीवर, उशीवर ठेवू नका. स्वतः उचकटायला जाऊ नका, स्क्रू ड्रायव्हरचं टोक बॅटरीत गेलं तर आग लागते. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, बॅटरी काढून घ्या. बरीच मशीन बॅटरीशिवाय नुसत्या अ‍ॅडाप्टरवर चालतात. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

विकायचं की नाही ते उद्या ठरवा.

चिऊकाऊ

बाप रे. मी दोनदा वाचलं ते वाक्य आणि एसएसडी सांगत बसले.

शब्दवेल

@जुना_सोल्डर, काका, काय बोलू. टेबलावर ठेवला तर होडीसारखा डुलला. गेला महिनाभर मी हा मांडीवर घेऊन बसत होते.

दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर मागचं झाकण काढलं. अकरा स्क्रू. बॅटरीचे तीन कप्पे, मधला पुरीसारखा टम्म. वरचं काळं आवरण ताणून चकचकीत झालं होतं. टचपॅडच्या मागच्या पत्र्याला तिचा वळ उठलेला. काढल्यावर टचपॅड आपोआप बसला, आणि क्लिक वाजलं! त्या आवाजाने मला रडूच आलं, खरं सांगते. बिजागरीचंही कारण कळलं, तळ वाकल्यामुळे एका बाजूला ताण येत होता.

आता नुसत्या अ‍ॅडाप्टरवर चालतंय. दिवे गेले की सगळं जातं, म्हणून दर दोन ओळींनी सेव्ह करतेय.

नवी बॅटरी ३,२०० म्हणतो. घालून विकू का, भाव वाढेल?

ठोंब्या

नाही. ३,२०० घालून भाव फार तर हजाराने वाढेल. विकण्यासाठी दुरुस्ती करायची नसते, वापरण्यासाठी करायची असते. जुन्या स्कूटरला विकायच्या आधी नवं सीट कव्हर घालणारे आमचे काका आठवले.

मात्र आता तुमची 'काम अडण्याची वेळ' आली. वीज गेली की पानं जाणार, हे भाषांतराच्या धंद्यात चालत नाही.

म्युनिकची_माई

कुणी नातेवाईक परदेशातून येणार असेल तर लॅपटॉप आणायला सांगायचा मोह होईल. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. पण मी इथून भावाला नेला, तो अजून शिव्या देतो. जर्मन कीबोर्डवर झेड आणि वाय यांची अदलाबदल असते, आणि विरामचिन्हं भलतीकडेच. टाइप करून पोट भरणाऱ्या माणसाने भारतातलाच घ्यावा. वॉरंटी तिकडे चालेल का, हेही मॉडेलगणिक वेगळं.

नदीकाठ

सेकंडहँड मॅकबुक एअर एम १ बघा ना? २०२० च्या शेवटी आलेला, अजून नवी मॅकओएस त्यावर येते, पंखा नाही, बॅटरी दिवसभर.

करकचून

त्यांच्या एजन्सीची सॉफ्टवेअरं विंडोजवरच चालतात हो, वर लिहिलंय. शिवाय त्यात रॅम वाढवता येत नाही, डिस्क वाढवता येत नाही. घेणाऱ्या दुसऱ्या कुणी धागा वाचला तर एवढंच: आधीच्या मालकाने आयक्लाउडमधून साइन आउट केलंय हे तुमच्यासमोर बघा, नाहीतर तो चांदीच्या रंगाचा पाट होतो.

जुना_सोल्डर

ताई, बजेट किती? पस्तीसच्या आत असेल तर कंपन्यांच्या लीजवरून उतरलेले बिझनेस मॉडेल बघा. थिंकपॅड टी, लॅटिट्यूड, एलिटबुक. तीन-चार वर्षं ऑफिसात वापरून बाहेर पडतात. बिजागरी मजबूत, कीबोर्ड फार चांगला, आणि तुमचं काम कीबोर्डचं आहे. दहाव्या पिढीच्या खालचा घेऊ नका, आठवीवर पुन्हा अडकाल. रॅम १६ हवी. 'पुढे भाव उतरला की वाढवू' म्हणू नका, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यापासून रॅमचे भाव चढलेत. १६ घातलेलीच मशीन घ्या.

दुकानात तीन गोष्टी करा. बॅटरी रिपोर्ट काढायला लावा, मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी दिसतात. सत्तर टक्क्यांखाली असेल तर बॅटरी बदलून मागा. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना ते बघा. आणि विंडोज रीसेट करून त्यांच्याच वायफायला जोडा. सुरुवातीच्या स्क्रीनवर कुठल्यातरी कंपनीचं नाव आणि तिचं लॉगिन आलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या खात्यावर आहे. कितीही स्वस्त असो, ठेवून या.

जुन्याची हार्ड डिस्क विकू नका. नुसती फॉरमॅट मारून दिली तर आमच्यासारखे दहा मिनिटांत फायली बाहेर काढतात. ती काढून चार-पाचशेच्या केसिंगमध्ये घाला, बॅकअपला होईल. मशीन डिस्कशिवाय विका, नाहीतर एखादी छोटी एसएसडी घालून. आणि नवं आल्यावर निदान पंधरा दिवस जुनं घरात राहू द्या. फॉन्ट, डोंगल (लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती यूएसबी किल्ली), डिक्शनऱ्या, काय राहिलं ते तिसऱ्या-चौथ्या कामाला कळतं.

शब्दवेल

धागा वर काढतेय.

थिंकपॅड घेतला. अकरावी पिढी, १६ जीबी, ३३,५०० बिलासकट. पहिल्या दुकानात रीसेट करायला सांगितलं तर मालक म्हणाला, 'मॅडम, एवढं कुणी बघत नाही.' दुसऱ्याने स्वतःच करून दाखवलं. काकांचं पंधरा दिवसांचं खरं निघालं. अकराव्या दिवशी २०१९ च्या एका पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली आणि श्रीलिपीचं डोंगल नव्यावर काही केल्या ओळखेना. ते काम जुन्यावरच उरकलं.

त्यातूनच गिऱ्हाईक मिळालं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नपत्रिका छापणारे एक जण आहेत, अजून पेजमेकरमध्येच (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) काम करतात. त्यांचा डेस्कटॉप गेला होता. मी बॅटरीचं, बिजागरीचं, विंडोजचं सगळं आधीच सांगितलं. ते म्हणाले, 'ताई, मला इंटरनेट लावायचंच नाही, फॉन्ट चालले पाहिजेत. यूपीएस आहे माझ्याकडे.' छोटी एसएसडी घालून ७,००० ला ठरलं. वेबसाइटपेक्षा आठशेच जास्त, तेही एसएसडीत गेले. काल चालू करून दाखवला. ते कुकरचं काही राहिलं नाही, भात टाकायच्या आत सुरू.

ठोंब्या

म्हणजे विकायच्या दिवशी सगळ्यात वेगात चालला. नेहमीचंच.

चिऊकाऊ

मी म्हटलं होतं एसएसडी!!

नदीकाठ

ताई, त्या डोंगलचं काय केलं? पुढच्या श्रीलिपीच्या कामाला?

शब्दवेल

डोंगल माझ्याकडेच आहे. काम आलं की ते घेऊन त्यांच्या दुकानात जायचं, असं ठरलंय. लग्नसराईत दुपारी दोन ते चार सोडून.