प्रतिसाद: विभागप्रमुखांकडे नको, समितीकडेच जा

वर तुम्ही लिहिलंय की कॉलेजात लैंगिक छळ झाला तर त्या मुलीने सरळ विभागप्रमुखांना सांगायचं, अंतर्गत तक्रार समितीकडे (अशा तक्रारी ऐकणाऱ्या कॉलेजच्याच समितीकडे) जाऊन बोभाटा कशाला. ताई, हे मला अजिबात पटलं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५च्या नियमांनुसार कुलसचिव, विभागप्रमुख अशा वरिष्ठांना या समितीवर घेताच येत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्यांच्या हातात मुलीचे मार्क, त्यांच्यासमोर ती काय बोलणार? प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत ३ निवडून आलेले विद्यार्थीही लागतात. (मुलगेही तक्रार करू शकतात, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.)

माझी भाची नेरूळहून ठाण्याला कॉलेजला जाते. तिथे समितीचा फलक आहे, पण कपाटामागे अर्धा झाकलेला. त्यावर ज्या बाईंचा नंबर आहे त्या कधीच्या निवृत्त झाल्या. घाबरलेल्या पोरीने कसाबसा फोन लावला आणि तो बंद निघाला, तर ती पुन्हा धीर करेल का?

तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिन्यांपर्यंत वाढवू शकते. त्या मुलीला या आठवड्यातच लेखी अर्ज द्यायला सांगा, आणि सही-शिक्क्याची पोच घ्यायला विसरू नका.