नवीन जागी आल्यापासून विश्वास थंड पडतोय

प्रश्न: नोकरीसाठी घरापासून लांब आलोय, इथे ओळखीचं कुणी विश्वासी (ख्रिस्ती) नाही, रूममेट्स चांगले आहेत पण रविवारची उपासना सुटते आणि मग प्रार्थनापण राहूनच जाते... कसं टिकायचं?

उत्तर १: भावा, बायबलमधला दानीएल बघ ना, घरापासून लांब बाबेलला (बॅबिलोनला) नेलं, नावसुद्धा बदललं, तरी दिवसातून ३ वेळा गुडघे टेकायचाच, आणि सुरुवातीला सोबत ३ मित्र होते हे विसरू नकोस. आधी जवळची मंडळी (चर्च) शोध. ऑनलाइन उपासना तात्पुरती ठीक आहे, पण तेवढ्यावर माणूस तगत नाही असं माझं ठाम मत आहे.

उत्तर २: बायबलमधलं इब्री १०:२५ वाच, एकत्र जमणं सोडू नका असंच लिहिलंय. रूममेट्सना मात्र तोडू नकोस हं, लोक ज्यांना पापी समजायचे त्या जकातदारांच्या पंगतीला येशू बसलाच की.

प्रश्नकर्ता: थँक्यू, या रविवारी जातोच. आणि सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी प्रार्थना करून बघतो.