हिवाळ्यात खाजणातले फोटो, प्रकाश बघायचा की भरती?

चिखलपाय:
मंडळी, या हिवाळ्यात खाजणात, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरतं त्या गवताळ दलदलीत, फोटो काढायला जायचंय, लँडस्केप पण आणि पक्षी पण. क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, १००-४०० मिमीची झूम लेन्स आणि एक साधी वाइड लेन्स आहे. पहाटे जायचं एवढं नक्की, पण गवत सगळं वाळलेलं, जमीन सपाट, बर्फ पडला की तर सगळंच पांढरं, मग फ्रेममध्ये घ्यायचं काय? आणि पक्षी कायम लांब, नुसते ठिपके. ६०० मिमीची लेन्स घेऊ का?

ओहोटीवाला:
६०० राहू दे, आधी भरतीचं वेळापत्रक बघ. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि चिखल्या, तुतवार वगैरे मंडळी खात खात पार लांब पांगतात, तेव्हा ८०० लावलीस तरी ठिपकेच. पाणी चढायला लागलं की चिखल कमी होत जातो आणि तेच पक्षी आपसूक काठाकडे सरकतात. त्यामुळे भरतीच्या दोनेक तास आधी जाऊन खाली बसायचं आणि हलायचं नाही, बास. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते, म्हणजे चढतं पाणी आणि सकाळचं ऊन एकत्र येणारे दिवस मोजकेच, ते आधीच काढून ठेव. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी गवतात शिरतं, फोटो भारी मिळतात, पण परतायची वाट आधी बघून ठेव, मागचे ओहोळ कधी भरले ते कळत पण नाही.

पांढरा_समतोल:
पक्ष्यांचं पटलं, पण लँडस्केपला मला ओहोटीच आवडते, ओहोळांची सगळी वळणं तेव्हाच दिसतात. थोडं उंचावर उभं राहा, बांध असेल तर उत्तम. समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं, त्यामुळे थंडी फार नसेल तर गवतावर पांढरं दव गोठलेलं आणि मधून काळं वाहतं पाणी, फ्रेम तिथेच आहे की! बर्फावर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, सगळं करडं येतं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) +१ ते +१.७ करा. मात्र काळ्या चिखलावर बगळा असेल तर उलटं, उणेमध्ये जा नाहीतर पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफटक येतात. आणि पहाटेचाच हट्ट नको, उंच अक्षांशावर असाल तर हिवाळ्यात सूर्य दिवसभर खालीच असतो. हॅरियर (शिकारी पक्षी) आणि शॉर्ट-इअर्ड आऊल (एक घुबड) गवतालगत कमी उंचीवरून उडत शिकार करतात, त्यांना दुपारनंतर बघा, शटर १/२००० सेकंद, ऑटो आयएसओ.

चिखलपाय:
अरे वा, म्हणजे ६०० चे पैसे वाचले 😄 गाडीतून काढले तर चालतील का?

ओहोटीवाला:
चालतील ना, पक्षी गाडीला कमी घाबरतात. फक्त हीटर बंद आणि काच आधीपासून उघडी, नाहीतर आतली गरम हवा बाहेर जाताना फोटो लिबलिबीत येतो, आणि लोक फोकसला शिव्या देतात. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात ठेव. भरतीला एका जागी दाटीने विसावलेल्या थव्याजवळ मात्र जाऊ नकोस, थंडीत उगाच उडवलं की त्यांची ताकद फुकट जाते, उडतानाचे फोटो पाहिजेत म्हणून मुद्दाम उडवणारे तर डोक्यात जातात. आणि घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धू, खाऱ्या चिखलाने लॉक जाम होतात.