दुकान माझं, मग बंदूक आत येऊ द्यायची की नाही हे कोण ठरवणार?

किराणावाले
नमस्कार मंडळी. ह्युस्टनच्या बाहेर आमचं इंडियन ग्रोसरीचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. दिवाळीच्या आधीचा शनिवार म्हणजे आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत एकजण खालच्या रॅकवरची वीस पौंडांची आट्याची पिशवी उचलायला वाकला, टीशर्ट वर सरकला आणि कमरेचं पिस्तूल दिसलं. त्याच्या मागेच एक आजी उभ्या होत्या, मुलाकडे पुण्याहून आलेल्या. हातातलं भाजणीचं पाकीट खाली पडलं त्यांच्या. ओरडल्या वगैरे काही नाहीत, नातवाचं मनगट घट्ट धरलं आणि तशाच मागे मागे सरकत तांदळाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तो माणूस पैसे देऊन, हॅपी दिवाळी म्हणून निघून गेला. त्याने काहीच वावगं केलं नाही हे आधीच सांगतो, कायद्याने त्याला परवानगी आहे.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून हँडगन घेऊन फिरायला लायसन्स सुद्धा लागत नाही. मालकाला दुकानात बंदूक नको असेल तर बोर्ड लावायचा. पण कसला बोर्ड? बंदुकीवर लाल काट मारलेला गोल स्टिकर चिकटवला की झालं असं मला वाटायचं. तसं नाहीये. लपवून बाळगणाऱ्या लायसन्सवाल्यासाठी कलम ३०.०६, उघड बाळगणाऱ्यासाठी ३०.०७, बिनलायसन्सवाल्यासाठी ३०.०५. कायद्यात दिलेली वाक्यंच्या वाक्यं, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, प्रत्येक अक्षर कमीत कमी एक इंच उंच, उठून दिसेल अशा रंगात. काल रात्री दुकान बंद केल्यावर टेप घेऊन दार मोजलं. तिन्ही लावले तर दाराची काच जवळजवळ संपते, फराळाच्या ऑर्डरचा कागद आणि मंडळाचं पोस्टर कुठे लावू?

माझं म्हणणं एवढंच आहे की नियम उलटा पाहिजे. बंदूक ज्याला आणायचीय त्याने मालकाला विचारावं. हवाईने २०२३ मध्ये नेमका असाच कायदा केला, मालकाने हो म्हटल्याशिवाय आत बंदूक नाही. मला तो शंभर टक्के पटतो. तुम्हाला?

रानपाखरू
मला अजिबात पटत नाही, आणि मी डॅलसला राहतो, ग्रीनकार्ड आल्यावर रीतसर लायसन्स काढलंय, म्हणजे तुमच्या त्या आजी ज्याला घाबरल्या तसाच माणूस मी आहे. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीनमध्ये, आपल्या टेक्ससमध्येच, लूबीज नावाच्या कॅफेटेरियाची काच फोडून एकाने ट्रक आत घातला आणि २३ माणसं मारली. सूझाना हप नावाची बाई आईवडिलांबरोबर जेवायला गेली होती. तिचं रिव्हॉल्वर बाहेर गाडीत होतं कारण तेव्हा लपवून बाळगणं गुन्हा होता. आई आणि वडील दोघंही तिथेच गेले. पुढे ती आमदार झाली. १९९५ मध्ये बुश गव्हर्नर असताना टेक्ससमध्ये लायसन्स घेऊन बाळगायचा कायदा आला त्याच्या मागे ही बाई आहे. तुम्ही बोर्ड लावता तेव्हा माझ्यासारख्याला तुम्ही तिच्या जागी बसवता. वाईट हेतूने येणारा बोर्ड वाचून परत जात नाही हो, परत जातो तो माझ्यासारखाच.

वाटसरू
रानपाखरू, उदाहरण काळजाला भिडणारं आहे पण तुमच्याच विरोधात जातंय. लूबीजच्या मालकाने बंदूक बंद केली नव्हती, सरकारने केली होती. म्हणजे झालं काय, तर सरकारने मधे पडून ठरवलं. किराणावाले म्हणतायत की मालकाला ठरवू द्या. दोन्ही एक कसं?

रानपाखरू
ठीक, कायद्याचा मुद्दा म्हणून मान्य. पण आत अडकलेल्या माणसाला बंदी कुणी घातली त्याने काय फरक पडतो? बरं मालकाच्या बंदीचंच घ्या. जुलै २०२२, इंडियानातला ग्रीनवूडचा मॉल. मॉलच्या नियमात बंदूक आणू नका असं होतं. फूड कोर्टमध्ये एकाने रायफल चालवली, तीन माणसं गेली, आणि त्याला पंधरा सेकंदांत थांबवलं ते २२ वर्षांच्या एका मुलाने, जो मॉलचा नियम मोडून पिस्तूल घेऊन आला होता. नंतर त्याच मॉलने त्याचे आभार मानले. तो मुलगा नियम पाळणारा असता तर तीनावर थांबलं असतं का?

काउंटरमागची
मी एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर आहे, वर्क परमिट आहे, संध्याकाळी चार ते दहा एका स्टोअरच्या काउंटरला असते. इथे सगळे "स्वतः बाळगा मग" म्हणतात म्हणून लिहितेय. आम्हाला नाही बाळगता येत. एच-वन, एच-फोर, स्टुडंट व्हिसा, या लोकांना फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच बंदी आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडले तर. काउंटरच्या अलीकडे मी रिकाम्या हाताने आणि पलीकडच्या कुणाच्याही कमरेला काहीही, आणि मला बोलायचा अधिकार किती? तर मालक सांगेल तेवढाच. मालकच गप्प बसला तर मी काय करू?

२०१७ चा फेब्रुवारी आठवतो का? कॅन्ससमध्ये ओलेथला बारमध्ये आपला हैदराबादचा इंजिनिअर गोळी लागून गेला तेव्हा मी पुण्यात शेवटच्या वर्षाला होते, आणि आईने तिकडे जाऊच नकोस म्हणून दोन दिवस धोशा लावला होता.

रानपाखरू
काउंटरमागची, तुमच्या परिस्थितीबद्दल खरंच वाईट वाटतं. पण ओलेथचंच बघा ना, त्या माणसाला बारमधून बाहेर काढलं होतं आणि तो बंदूक घेऊन परत आला. त्याला बोर्डाने अडवलं असतं का?

काउंटरमागची
नसतं अडवलं. मी कुठे म्हणतेय अडवलं असतं. पण त्या दिवशी मधे पडला तो माणूस बिनबंदुकीचा होता, टेबलाखाली बसून गोळ्या मोजत होता, संपल्या असं वाटलं म्हणून धावला, आणि हातात नि छातीत गोळी घेतली त्याने. ह्युस्टनच्या आपल्या लोकांनी त्याला घरासाठी एक लाख डॉलर जमवून दिले. मला बोर्ड हवाय तो खुन्यासाठी नाही, रोजच्यासाठी हवाय. सुट्ट्या पैशांवरून भांडणारा, आयडी मागितला म्हणून आवाज चढवणारा, असे आठवड्याला दोन तरी येतात. त्यातल्या एकाने मागच्या महिन्यात बोलता बोलता शर्टाचा कोपरा बाजूला केला. बोलला काही नाही. मी सिगरेटचं पाकीट आयडी न बघता दिलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाचा हिशोब तीनदा चुकला.

मोटेलवाला_ओक्लाहोमा
मी स्वतः डेस्कखाली बंदूक ठेवतो, रात्री दोन वाजता हायवेवरून कोण येईल सांगता येत नाही. म्हणजे मला बंदूकविरोधी समजू नका. पण मालकाच्या हक्कावर मी किराणावाल्यांच्या बाजूने आहे. आमच्या राज्यात २००२ मध्ये एका कागदाच्या गिरणीने पार्किंगमधल्या गाड्या तपासून बंदुका सापडलेल्या कामगारांना काढून टाकलं. त्यावरून विधानसभेने २००४ मध्ये कायदा केला की कुलूपबंद गाडीत बंदूक असेल तर जागेच्या मालकाला बंदी घालता येणार नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, खाली जिंकल्या, २००९ मध्ये वरच्या फेडरल कोर्टात हरल्या. मग फ्लोरिडा, टेक्सस, बऱ्याच राज्यांनी तसेच कायदे केले. डांबर माझं, टॅक्स मी भरतो, कुणी घसरून पडला तर दावा माझ्यावर, आणि तिथे काय ठेवायचं हे मी सोडून सगळे ठरवणार. एरवी खाजगी मालमत्ता म्हटली की सरकारने हात लावू नये म्हणणारी तीच मंडळी हा कायदा आणतात, याचा मला खरंच त्रास होतो.

नाशिककर
भारतातून वाचतोय. आमच्याकडे लायसन्स मिळवतानाच चपला झिजतात, निवडणूक आली की बहुतेकांना हत्यार पोलिसात जमा करावं लागतं, आणि २०१९ पासून लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानात विचारायचं की नाही हा प्रश्नच आमच्या डोक्यात येत नाही.

कायद्याचं_बोला
वाद थोडा भरकटतोय म्हणून मधे येतो. २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ब्रुएन केसमध्ये ६-३ ने सांगितलं की घराबाहेर बंदूक बाळगणं हा सुद्धा घटनेतला हक्क आहे. त्यानंतर न्यूयॉर्क, न्यूजर्सी, मेरीलँड, कॅलिफोर्निया, हवाई यांनी खाजगी जागेचा नियम उलटा केला, मालकाने परवानगी दिल्याशिवाय नाही. अपील कोर्टांत मतं फुटली. न्यूयॉर्कचा नियम लोकांसाठी खुल्या असलेल्या जागांपुरता उडाला. नवव्या सर्किटने, म्हणजे कॅलिफोर्निया आणि हवाई ज्याच्याखाली येतात त्या अपील कोर्टाने, सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाचा अडवला कारण तिथे परवानगी फक्त बोर्ड लावूनच देता यायची, आणि हवाईचा ठेवला कारण तिथे तोंडी हो सुद्धा चालतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हवाईची केस ऐकायला घेतली.

आता महत्त्वाचं. मालकाला बंदूक नको म्हणता येतं की नाही हा वादच नाहीये, ते दोन्ही बाजूंना मान्य आहे. वाद आहे मालक काहीच बोलला नाही तर काय समजायचं यावर. आपल्याकडे म्हणतात ना मौनं संमतिलक्षणम्, टेक्सस त्या बाजूला आहे, हवाई म्हणतं मौन म्हणजे नकार. अब्जावधीची मॉल कंपनी गप्प बसत नाही, तिच्याकडे वकील असतात. गप्प बसतो तो छोटा दुकानदार, कारण त्याला यातलं काही माहीतच नसतं. म्हणून गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा याला एवढं महत्त्व आहे.

रानपाखरू
हे छान सांगितलंत, पण त्याच केसमधली दुसरी गोष्टही सांगा. ब्रुएननंतर असा कायदा टिकवायला जुन्या कायद्यांचे दाखले लागतात, तर हवाईच्या बाजूने कुठले दिले? एक १७७१ चा न्यूजर्सीचा, जो चोरून शिकार करणाऱ्यांसाठी होता. आणि दुसरा १८६५ चा लुइझियानाचा, गुलामगिरी संपल्यावर लगेचचा, जेव्हा दक्षिणेत काळ्या लोकांना बांधून ठेवायला कायद्यांवर कायदे होत होते. मळा गोऱ्याचा, झोपडी गोऱ्याच्या जमिनीवर, मग मालकाच्या परवानगीशिवाय बंदूक नाही याचा अर्थ काय झाला ते उघड आहे. आपणही इथे सावळे आहोत. मालकाला विचारा हा नियम नेहमी दुबळ्याच्या बाजूने असतो असं समजू नका.

आणि दुकान म्हणजे घर नाही. घरात तुम्ही कुणालाही नाही म्हणा. पण जगाला या या म्हणून दार उघडलंत तर नागरी हक्कांच्या कायद्यांमुळे तुम्हाला सुद्धा कातडीचा रंग बघून कुणाला बाहेर काढता येत नाही. मग घटनेतला एक हक्क दाराबाहेर काढून ठेवा हे कसं?

किराणावाले
१८६५ चं मला माहीत नव्हतं, वाचून गप्प झालो थोडा वेळ. त्यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही. तो कायदा ज्या हेतूने केला तो घाणेरडाच होता.

पण नागरी हक्क कायद्यांशी केलेली तुलना पटत नाही. माणसाला त्याची कातडी, त्याचा धर्म गाडीत ठेवून येता येत नाही. पिस्तूल येतं. मी माणसाला नाही म्हणत नाहीये, त्या रानपाखरूला आत या, चहा घ्या म्हणतोय, फक्त ती वस्तू नको. बोलायचा हक्क सुद्धा घटनेतलाच आहे, म्हणून माझ्या दुकानात लाउडस्पीकर लावून प्रचार करू देतो का मी? हक्क सरकारविरुद्ध आहे, माझ्या फडताळांविरुद्ध नाही.

वाटसरू
आणि सरकार तटस्थ आहे असंही नाही. विस्कॉन्सिनमध्ये २०११ च्या कायद्याने मालकाने बंदुकीवर बंदी घातली नाही तर त्या निर्णयाबद्दल त्याच्यावर दावा लागत नाही. बंदी घातली तर ते संरक्षण गेलं. म्हणजे छोट्या माणसाला हळूच एका बाजूला ढकललंच की.

रानपाखरू
ते ढकलणं नाही, जबाबदारी आहे. तुम्ही माझं संरक्षण काढून घेतलंत तर मग माझं संरक्षण तुम्ही करा. आणि "गाडीत ठेवा" हे तुम्ही सगळे एवढं सहज बोलता, गाड्या फोडून बंदुका चोरीला जातात त्याचं काय? ती बंदूक पुढे कुणाच्या हातात जाते? माझ्या कमरेला असते तेव्हा ती कुठे आहे हे मला तरी ठाऊक असतं. किराणावाले, तुमच्या मागच्या पार्किंगला संध्याकाळी सातनंतर अंधार असतो, मी आलोय तिथे एकदा, मंडळाच्या कार्यक्रमाला ह्युस्टनला आलो होतो तेव्हा.

किराणावाले
हा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे आणि माझ्या डोक्यात आला नव्हता. समोर दोन कॅमेरे आहेत, मागे एकही नाही. मागच्या बाजूला दिवा आणि कॅमेरा दोन्ही लावतो, इलेक्ट्रिशियनला आजच फोन केला.

रानपाखरू
मग बोर्ड लावा. मला तुमचं मत आजही चुकीचंच वाटतं, आणि सुप्रीम कोर्ट हवाईला नाही म्हणेल अशी माझी इच्छा आहे. पण तुमचा बोर्ड लागला तर मी तो मानेन. नाहीतरी ३०.०६ मोडलं तर दोनशे डॉलरपर्यंतचाच दंड आहे, तोंडावर जा म्हणून सांगितल्यावरही थांबलं तर मात्र वर्षापर्यंत जेल. मला दोन्हीची गरज नाही, माझ्या गाडीत सीटखाली लॉक बॉक्स आहे.

काउंटरमागची
काका, बोर्ड कुठून बनवून घेताय? आमच्या मालकाला लिंक पाठवते, ते म्हणतायत आधी कुणीतरी लावू दे.

किराणावाले
खाजगी निरोप पाठवलाय. शुक्रवारी येतोय, फिलहाल ३०.०५ आणि ३०.०६, दोन्ही भाषांत, एकेक इंच मोजून. ३०.०७ पुढच्या महिन्यात. फराळाचा कागद आत काउंटरवर हलवला. खाली मी एक ओळ मराठीत पण लिहून घेतलीय, "कृपया दुकानात बंदूक आणू नये". कायद्याच्या दृष्टीने तिला काही किंमत नाही, पण त्या आजी डिसेंबरपर्यंत इथेच आहेत आणि त्यांना इंग्रजी नीट वाचता येत नाही.