सोसायटीत कुत्र्याची शी कुणी उचलायची, कशी, आणि टाकायची कुठं?

प्रश्न: सोसायटी सचिव, लातूर
४० फ्लॅट आणि ७ पाळीव कुत्री. गट्टूवर आणि घसरगुंडीखालच्या वाळूत रोज घाण पडलेली असते. पाळणारे म्हणतात, ते खतच आहे, मातीत मुरून जाईल. वर, भटकी कुत्रीही येतात, मग आमच्याकडंच बोट का? वॉचमन फिनेल टाकून पाइपनं धुतो, पण पाणी टँकरचं. पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे. पाळणाऱ्यांना पटेल असं कारण आणि उचलायची नीट पद्धत हवी आहे. दंड लावता येतो का?

उत्तर: पशुवैद्यक, परभणी
खताचा मुद्दा आधी मिटवा. गाय-म्हैस चारा खाते, कुत्रा मांस, अंडी, शिळंपाकं खातो. त्याच्या विष्ठेत माणसाला लागण करणारे जंत असू शकतात. खड्ड्यातल्या खताची उष्णता ती अंडी मारण्याइतकी चढेल याची खात्री नाही. हिरवळीवर पडली तर गवतही पिवळं पडतं.

आता महत्त्वाचं. टॉक्सोकॅरा नावाच्या गोल जंताची अंडी ताज्या विष्ठेत असली तरी त्या दिवशी लागण करत नाहीत. मातीत पडल्यावर पिकायला त्यांना साधारण २ ते ४ आठवडे लागतात. मग मात्र ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तिथंच राहतात. महिन्याभरानं विष्ठेचा मागमूस नसतो, जागा स्वच्छ वाटते, आणि धोका असतो तो नेमका तेव्हाच. लेकरू वाळूत खेळून बोट तोंडात घालतं, अंडी पोटात जातात, अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात जाऊन बसतात. डोळ्यात गेली तर नजर जाऊ शकते. त्याच दिवशी उचललं तर हे सगळं सुरूच होत नाही. मीटिंगमध्ये एवढंच समजावलं तरी पुरे.

दुसरा जंत अंकुशकृमी (हूकवर्म). याला महिना लागत नाही. ओल आणि सावली मिळाली की आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. पायावर खाजणारी, नागमोडी लाल रेघ उठते. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उघड्या, तापलेल्या जमिनीत त्या टिकत नाहीत. पण पावसाळ्यात घसरगुंडीखालची वाळू ओली आणि सावलीत असते, तिथं त्यांचं फावतं.

भटक्या कुत्र्यांचं म्हणणं खरं आहे, त्यांच्यातही जंत असतात. पण त्यांच्यामागं पिशवी घेऊन कुणी चालत नसतं, तुमच्या कुत्र्याच्या पट्ट्याला माणूस असतो. आणि वास राहिला की दुसरी कुत्री हुंगत त्याच जागी येतात, त्यामुळं पडून राहिलेल्या एका शीच्या चार होतात.

जंताचं औषध दर ३ महिन्यांनी, वजनावर. पिल्लाला २ आठवड्यांचं झाल्यापासून दर १५ दिवसांनी, पुढं डॉक्टर सांगतील तसं. कच्ची आतडी-काळीज कुत्र्याला घालू नका, त्यातून त्याला फीतकृमी होतो आणि त्या कृमीची अंडी पोटात गेली की माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

उत्तर: सोसायटी देखभाल, छत्रपती संभाजीनगर
पाइप आधी बंद करा. पाणी मारल्यानं घाण जात नाही, पातळ होऊन गट्टूच्या फटीत आणि काळ्या मातीत पसरते. पहिल्या पावसात तीच उताराच्या बाजूला, बोअरकडं. आधी कोरडं उचलायचं, मग गरज पडली तर पुसायचं.

पिशवी हातात मोज्यासारखी उलटी घालायची, शी मुठीत धरायची, पिशवी त्यावरून सुलटी ओढायची आणि गाठ मारायची. दुधाची १ लिटरची पिशवी, ब्रेडचं पाकीट किंवा ५ किलो आट्याची पिशवी चालते. आत कागदाचा तुकडा असला तर हाताला ऊब आणि ओल लागत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याचं अडतं ते या स्पर्शामुळंच. शी पातळ असेल तर वर मूठभर राख किंवा कोरडी माती टाका, २-३ मिनिटं थांबा, मग सुपडीनं खरवडून घ्या. जुलाब सलग दिसले तर डॉक्टरकडं.

फिनेलनं वास दबतो, पण कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू त्यानं मरत नाही, आणि तो जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला जिवावर बेतू शकतो. त्यासाठी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १ लिटर पाण्यात ६-७ ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चहाचे चमचे. फरशी आधी स्वच्छ हवी, नाहीतर घाणीतच क्लोरीन संपतं. १० मिनिटं ओलं ठेवून धुवा. पोतं उघडं पडलेलं असेल तर पावडरीचा जोर गेलेला असतो. अॅसिडमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि हे लक्षात ठेवा, जंताची अंडी टीसीएलनंही मरत नाहीत. त्यांना उपाय एकच, उचलणं.

गाठ मारलेली पिशवी ओल्या कचऱ्यात टाकू नका. गेटजवळ झाकणाचा वेगळा डबा ठेवा आणि घंटागाडीला वेगळं द्या. घंटागाडीवरचा माणूस हातानं कचरा निवडतो, त्याच्या हाताला ही घाण लागू देणं बरोबर नाही. पिशवीशिवाय संडासात टाकून पाणी सोडलं तरी चालतं.

उत्तर: कुत्रा पाळणारी, नांदेड
दंडाचं म्हणाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना वाचा. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही, आणि शी उचलण्याचा कायदा नसेल तिथं सोसायटीनं स्वतःच्या मनानं दंड लावणंही त्यात बसत नाही. महापालिकेचा नियम असेल तर दंड महापालिका करील. म्हणून ठराव विनंतीचा करा, पण सोय आधी करा. डबा आणि कागदाचा गठ्ठा दिसला की निम्मी लोकं उचलायला लागतात.

कुत्रा खाल्ल्यानंतर साधारण अर्ध्या तासात शीला बसतो. जेवण वेळेवर ठेवलं की बाहेर नेण्याची वेळही ठरते, वाटेत अचानक बसत नाही.

सचिव, लातूर
आणि वाळू? आधीच खराब झालेली आहे.

पशुवैद्यक, परभणी
वरचा वीतभर थर काढून टाका, नवी वाळू घाला. त्यात औषध टाकत बसू नका. रात्री कुत्री येऊ नयेत म्हणून ताडपत्री अंथरा, कडेला विटा ठेवा. सकाळी काढून वाळू उन्हात सुकू द्या. पावसाळ्यात ताडपत्रीखाली ओल धरते, तेव्हा उघडीप मिळेल तेवढी वाळू हलवत राहा.